हा कपॅसिटर कोणत्या पिनचा?

सांगली, जूनचा दुसरा आठवडा

चि. धाकटीस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. ज्या नोएडात मी तीस वर्षं बोर्डांचे लेआउट केले, तिथेच तू आता लेआउटचं सॉफ्टवेअर लिहिणार, याचा किती आनंद झाला म्हणून सांगू! केडन्स कंपनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे आली आणि तेव्हापासून या विषयातलं बरंच काम नोएडात होत आलं आहे. तुझ्याकडे प्लेसमेंट आलंय, म्हणजे बोर्डावर कोणता कंपोनंट कुठे बसवायचा ते, आणि साहेबांना ‘ऑटो-प्लेस’चं बटण आणखी हुशार करून हवंय. फोनवर मी गप्प राहिले, कारण हे घाईत सांगण्यासारखं नव्हतं. बटणाला हात लावण्याआधी एक बघ: एखादी वस्तू तिथेच का हवी, हे डिझायनरच्या मनातलं कारण तुमच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचतं का? मी वापरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते वाटेतच गळून जायचं.

मी १९८८ मध्ये कामाला लागले तेव्हा आमच्या कारखान्यात लेआउटला कंप्यूटर नव्हता. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर मायलरची फिल्म पसरायची. दुप्पट मापाचे पुठ्ठ्याचे आयसी आणि रेझिस्टर कापून ठेवलेले असत, ते सरकवत बसायचं. जागा ठरली की काळी चिकटपट्टी ब्लेडनं कापत ट्रॅक लावायचे आणि मग त्याचा निम्म्या मापाचा फोटो काढायचा. सर्किट काढणारे इंजिनिअर समोरच बसलेले असत. “हा कपॅसिटर याच्या पायाशी, अगदी पायाशी,” म्हणत ते बोटानं पुठ्ठा ढकलत. पुढे कंप्यूटर आला, पट्ट्या कापायचे कष्ट वाचले, पण ते बोट गेलं.

आता काय होतं ते तू रोज बघशील. समज, एका मायक्रोकंट्रोलरला सप्लायच्या पाच पिना आहेत. इंजिनिअर स्कीमॅटिकमध्ये शंभर नॅनोफॅरडचे पाच कपॅसिटर कागदाच्या कोपऱ्यात ओळीनं काढून मोकळा होतो. नेटलिस्टमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या यादीत, उरतं एवढंच, की पाचही कपॅसिटरचं एक टोक ३.३ व्होल्टला आहे आणि दुसरं ग्राउंडला. मग त्यातला एखादा कपॅसिटर बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला बसवला तरी नेटलिस्टच्या हिशेबी जोडणी बरोबरच! पंगतीत प्रत्येक पानाशेजारी पाण्याचा तांब्या हवा. घासाला ठसका लागला की विहिरीत पाणी आहे या माहितीचा काय उपयोग? चिपलाही आतली गेटं पलटताना काही नॅनोसेकंदांत करंट लागतो. लांबच्या ट्रॅकचं इंडक्टन्स तो वेळेवर येऊ देत नाही, सप्लाय डळमळतो, आणि करंटचा वळसा जितका मोठा तितका आजूबाजूला गोंगाट पसरतो.

म्हणून माझं पहिलं मागणं हे, की ‘हा कपॅसिटर या पिनचा’ असं स्कीमॅटिकमध्येच सांगता येऊ दे आणि ते नातं बोर्डापर्यंत टिकू दे. चिप सरकवली की तिचे कपॅसिटर मागोमाग यावेत. कुणी एखादा ओढून लांब नेला, तर नुसती लाल खूण नको. तो कुणाचा आहे आणि जवळ का हवा, हे तिथल्या तिथे दिसावं. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये नियम आणि गट लिहिण्याची सोय असते, ठाऊक आहे मला. पण ती इतक्या मेनूंच्या आड असते, की डिलिव्हरीच्या आदल्या रात्री कुणी तिथवर जात नाही.

तुझे साहेब म्हणतील, चिपच्या आतली मांडणी मशीनच करतं, मग बोर्डाची का नको? १९८३ मध्ये आयबीएमच्या कर्कपॅट्रिक, जेलॅट आणि वेची यांनी तापलेला धातू हळूहळू निववण्यावरून ‘सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग’ ही रीत मांडली. चिपा कुठे बसवायच्या ही मांडणी त्यांच्या उदाहरणांपैकीच एक होती. पण चिपच्या आत लाखो सेल, बहुतेक एकाच उंचीचे, रांगेत उभे असतात. तिथे तारेची लांबी कमी करत गेलं की बरंचसं साधतं. बोर्डावर दोनशेच वस्तू, पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एक तापते, एकीला तापलेलं सोसत नाही, एकीवर स्क्रू-ड्रायव्हर जायला हवा. नुसती तारेची लांबी मोजणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

एकदा माझ्याच हातून झालेलं सांगते. घाईत ऑटो-प्लेस चालवलं आणि त्यानं सप्लायजवळचा एक सिरॅमिक कपॅसिटर बोर्डाच्या कडेला, बोर्ड मोडून सुटा करायच्या खाचेला म्हणजे व्ही-कटला लागून आडवा टाकला. ट्रॅक आखूड झाला म्हणून मी खूश. पॅनेलमधले बोर्ड आमच्याकडे हातानंच मोडायचे, कट्ट आवाज व्हायचा. मोडताना बोर्ड वाकला आणि त्या कपॅसिटरच्या पोटात चीर गेली. वरून काहीच दिसलं नाही. मे महिन्यात सगळे टेस्टला पास झाले आणि पावसाळ्यात चिरेतून ओल शिरून एकेक शॉर्ट व्हायला लागला. कडेपासून थोडा आत घेतला असता आणि लांबी व्ही-कटला समांतर ठेवली असती तर वाचलो असतो. हे मला ठाऊक होतं गं, पण त्या संध्याकाळी आठवलं नाही. सॉफ्टवेअरला कड कुठे आहे ते माहीत होतं, ती मोडली जाणार आहे हे माहीत नव्हतं. ते त्याला सांगता यावं, एवढंच कर.

उष्णतेचंही तसंच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानानं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की निम्मं होतं, आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात तो रेग्युलेटरला चिकटून बसला तर काय होईल ते तूच बघ. रोटेशनकडेही लक्ष दे. लायब्ररीतला शून्य अंश आणि पिक-अँड-प्लेस मशीनवर धरलेला शून्य अंश वेगळा निघाला की स्क्रीनवर सरळ दिसणारा टँटलम कपॅसिटर बोर्डावर उलटा बसतो, आणि सप्लाय दिल्यावर पेटतो. फाइल बाहेर पडण्याआधी पहिली पिन आणि कॅथोड मशीनच्या नजरेनं दाखवणारं एक चित्र द्या.

कीकॅड या बोर्ड-डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा कोड उघडाच आहे, तो वाच. ग्रनोबलमध्ये जाँ-पियेर शारास यांनी १९९२ मध्ये एकट्यानं सुरू केलेलं काम आज जगभरचे लोक पुढे नेताहेत. २०२५ च्या नवव्या आवृत्तीत एका चॅनेलची मांडणी दुसऱ्यांवर जशीच्या तशी उतरवायची सोय आली. आम्ही असे आठ आठ चॅनेल हातानं लावलेत! आणि साहेबांकडून एक दिवस मागून घे. लेआउट करणाऱ्या एखादीच्या शेजारी न बोलता बस. ती किती वेळा एकच वस्तू फिरवते, कधी स्कीमॅटिककडे परत जाते, कुठे सुस्कारा टाकते ते वहीत लिही. दुसऱ्या दिवशी असेंब्लीच्या लाइनवर उभी राहा.

सोबतच्या डबीत माझं दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे आणि व्ही-कटपाशी चीर गेलेल्या त्या बोर्डांपैकी एकाचा तुकडा. त्यावरचा कपॅसिटर पॉलिश पेपरनं घासून अर्धा केलाय. खिडकीपाशी जाऊन जरा तिरका धर. सोल्डर संपतं तिथून वर जाणारी केसाएवढी तिरकी रेघ दिसेल.

तुझी,
आत्या