मोल कोणी सांगावे?

गेल्या कार्तिकीनंतरची गोष्ट. आमच्या थोरल्या मुलीचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. शिकता शिकता तो एक व्यापारही करतो, आणि त्या व्यापाराचे नाव प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस हसू आले. तो जुनी खेळणी विकत घेतो आणि जगभरच्या हौशी लोकांस विकतो. दुकान नाही, गल्ला नाही, पाटी नाही. हातातल्या फोनमध्येच बाजार भरलेला असतो. तिथे तो खेळण्याची छायाचित्रे ठेवतो, सातासमुद्रापलीकडचा कोणी गृहस्थ बोली लावतो, पैसे जमा होतात आणि हा पोरगा खोके बांधून टपाल कचेरीत नेऊन देतो. घेणारी मुले नव्हेत हो! चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये असतात. पाकीट फोडून खेळणे तर दूरच, उलट पाकीट जितके बंद तितके मोल अधिक.

या व्यापाराने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला. पाठशाळेतली पोथी आणि कीर्तनातले दृष्टान्त सगळे कामास लावले, तरी त्याचे एक टोक सुटेच राहिले. वाचकहो, आपणही विचार करावा म्हणून तो इथे मांडतो.

आधी या बाजाराची रीत थोडी सांगितली पाहिजे. १९९५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत पिएर ओमिद्यार नावाच्या तरुणाने असा लिलावाचा बाजार सुरू केला, तोच पुढे ईबे या नावाने प्रसिद्धीस आला. सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या एकूण विक्रीचा लक्षात येण्याजोगा भाग नुसत्या कापडी जनावरांचा होता. बीनी बेबीज म्हणत त्यांना. पोटात प्लास्टिकचे मणी भरलेली वीतभर जनावरे. कंपनी मधेच एखादे जनावर करणे बंद करी, आणि बंद झाले की लोक त्यावर तुटून पडत. मुलांच्या शिक्षणाची तजवीज म्हणून ती साठवणारी घरे होती म्हणतात. शतक सरता सरता तो फुगा बसला आणि खोकीच्या खोकी माळ्यावर पडून राहिली. असो.

या बाजारात मूळ अडचण अशी की घेणारा देणाऱ्यास पाहत नाही आणि वस्तूही हातात घेऊन पाहत नाही. मग विश्वास ठेवायचा कशावर? त्यावर १९९६ साली तोड काढली गेली. सौदा झाला की दोघांनी एकमेकांविषयी चारचौघांत अभिप्राय लिहायचा. २००८ पासून तिथे विकणाऱ्यास घेणाऱ्याविषयी वाईट लिहिण्याची मुभा उरली नाही. तराजूचे एकच पारडे राहिले म्हणा ना. पण या अभिप्रायांचा धाक मोठा. आमच्या नातवाच्या नावावर शंभरापैकी शंभर गुण होते आणि ते तो आम्हांस परीक्षेच्या निकालासारखे दाखवी.

आणि खरे सांगायचे तर ते त्याने कमावलेले होते. त्याचे खोके बांधणे आम्ही एकदा समोर बसून पाहिले. गाडी बोटभर लांबीची. ती पुठ्ठ्यासकट कडक पारदर्शक खोळीत, वरून फोडांच्या प्लास्टिकाचे तीन वेढे, ते एका खोक्यात, ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात, आणि मधल्या पोकळीत चुरगळलेले कागद. मग कानाशी धरून हलवायचे. आवाज आला की पुन्हा सगळे उघडायचे. आमच्या वीण्याला आम्ही प्रवासात इतके जपले नसेल! छायाचित्राखाली तो लिहितो, वरचा उजवा कोपरा किंचित दुमडलेला आहे, मागे किमतीची चिठ्ठी आहे, एका चाकाला गंजाचा ठिपका आहे. आम्ही म्हटले, "अरे, ठिपका दिसत तरी आहे का?" तर म्हणाला, "भिंगातून दिसतो आजोबा. उद्या त्याला दिसला तर?"

एवढेच नव्हे. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालावरची जकातमाफी काढून घेतली. तेव्हा आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सले थांबवली होती, ती ऑक्टोबराच्या मध्यास पुन्हा सुरू झाली. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूस मात्र माफी होती. त्या सुमारास तिकडच्या एका गिऱ्हाइकाने याला कळवले की जकातीच्या कागदावर 'भेट' असे लिही आणि किंमत कमी दाखव. मुलाने साफ नकार दिला. ऐकून आमचा ऊर भरून आला. एकादशीच्या कीर्तनात हा दृष्टान्त नाव न घेता सांगावा असेही मनात आले. सांगितला नाही हे बरे झाले.

आता मुख्य गोष्ट. आमच्या कीर्तनात पुष्कळ वर्षे मृदंगाची साथ करणारे एक गृहस्थ मागल्या साली निवर्तले. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही वहिनी म्हणतो, कपाट आवरीत होत्या. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मुलाच्या लहानपणच्या गाड्या निघाल्या. मुलगा आता बंगळूरास असतो, चाळिशी उलटलेला. नातवाला आवड आहे म्हणून आम्हीच त्याला तिथे घेऊन गेलो. डब्यात अकरा गाड्या होत्या, त्यांतल्या तीन पाकीट न फोडलेल्या.

हॉट व्हील्स नावाच्या या गाड्या मॅटेल या अमेरिकन कंपनीच्या. १९६८ साली सोळा गाड्यांनी त्यांची सुरुवात झाली. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने लिओ या नावाखाली त्या आपल्याकडे करायला घेतल्या. साचे तेच, पण रंग आणि पुठ्ठे पुष्कळदा निराळे. आपल्या पोरांनी पाकिटे फोडली, गाड्या अंगणात फिरवल्या, हरवल्या. त्यांनी योग्यच केले म्हणा! पण त्यामुळे बंद पाकिटातली लिओची गाडी आज हुडकून सापडत नाही, आणि परदेशातले हौशी लोक तिच्यामागे असतात. हे नातवास ठाऊक होते. आम्हांस नव्हते, आणि वहिनींना कुठून असणार?

वहिनी म्हणाल्या, "बुवा, आता याच्याशी कोण खेळणार? नेऊ दे त्याला." आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "देशील ते दे रे बाळा." त्याने सहाशे रुपये पुढे केले. वहिनींनी त्यांतले शंभर परत त्याच्या खिशात घातले, "खाऊला ठेव." तीन आठवड्यांनी त्या तीन पाकिटांतले एक अमेरिकेस गेले. अकरा हजारांवर रुपये आले. हेच ते पार्सल, ज्याच्या कागदावर त्याने 'भेट' लिहिले नाही.

त्याने आनंदाने सांगितले आणि आम्हांस त्या रात्री झोप लागली नाही. जो मुलगा अनोळखी परदेशी माणसाला गंजाचा ठिपका भिंगातून दाखवतो, तो उंबऱ्यापलीकडे बसलेल्या बाईला एवढी मोठी गोष्ट सांगत नाही, हे कसे? विचार केला तेव्हा ध्यानात आले की तो परदेशी गृहस्थ गुण देऊ शकत होता. वहिनींच्या हातात गुण नव्हते. महाभारतात शांतिपर्वात तुलाधार वाण्याची कथा आहे. जाजली नावाचा तपस्वी, ज्याच्या जटांत पाखरांनी घरटी केली, तो ज्ञान घ्यायला काशीच्या त्या वाण्याकडे जातो. वाणी त्याला आपला तराजू सांगतो, की तो सर्व भूतांना सारखाच. त्याच्या दुकानावर कोणी अभिप्राय लिहीत नव्हते.

पण घाईने निवाडा करणे बरे नव्हे. पूर्वपक्षही ऐकला पाहिजे, आणि तो दुबळा नाही. नातू म्हणाला, "आजोबा, मी खोटं काय बोललो? त्या आजींनी विचारलं का? दोन वर्षं रात्र रात्र जागून मी हे शिकलोय. जुन्या बाजारात भंगारवाल्याकडून पन्नास रुपयांत मिळालं असतं तर तुम्ही शाबास म्हणाला असता." हे खरे आहे. रत्नपारख्याचे ज्ञान ही त्याची कमाई. ते त्याने प्रत्येक वेळी फुकट उघडे करायचे तर पारख शिकणार कोण? आणि हा मुलगा नसता तर तो डबा किलोवर रद्दीत गेला असता, त्या अकराही गाड्यांची माती झाली असती. भंगारवाला भाव स्वतः सांगतो. सांगितलेला भाव रोख मोजणारा चोर नव्हे, हे आम्हांसही मान्य.

पोथीत पाहिले. पाठशाळेत गुरुजींनी व्यवहाराध्याय शिकवला तेव्हा क्रीतानुशय, म्हणजे सौदा झाल्यावर होणारा पश्चात्ताप, हे प्रकरण आम्हांस रुक्ष वाटे. याज्ञवल्क्यांनी वस्तू पारखण्याच्या मुदती दिल्या आहेत. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. आणि मनूने घेणाऱ्यास व विकणाऱ्यास, दोघांसही, दहा दिवसांत सौदा मोडण्याची मोकळीक दिली आहे. या फोनमधल्या बाजारात माल परत करण्याची मुदत असते ती घेणाऱ्यास. विकणाऱ्यासही हळहळ वाटू शकते हे जुन्यांनी ओळखले होते. पण वहिनींना हळहळ कशी वाटावी? त्यांना ठाऊकच नव्हते. आणि दहा दिवस तर केव्हाच उलटले होते.

उत्तर आम्हांस पोथीत मिळाले नाही, वहिनींच्याच शब्दांत मिळाले. 'देशील ते दे.' भंगारवाला असे म्हणत नाही. या चार अक्षरांच्या 'देशील' मध्ये, अहो चार कसली, तीनच अक्षरे ती, वहिनींनी दोन गोष्टी याच्या हाती दिल्या होत्या. गाड्या आणि भाव ठरवण्याचे काम. त्या क्षणी हा गिऱ्हाईक राहिला नाही, त्यांचा पारखी झाला. त्याचे ज्ञान त्याचे होते खरे. पण त्या घरापुरते ते वहिनींनी कामास लावले होते. शास्त्रात ज्याला निक्षेप म्हणतात, विश्वासाने सोपवलेली ठेव, तशी ती भावाची ठेव होती, आणि ती याने स्वतःकडे ठेवून घेतली. शंभर रुपये परत खिशात आले तेव्हा तरी त्याने बोलायला हवे होते.

वाचकहो, हे वाक्य आपण दर वर्षी ऐकतो. वारीच्या वाटेवर तुळशीची माळ विकणारी म्हातारी, पाय चेपून देणारा पोरगा, चहा पाजणारा, "माउली, द्याल ते द्या." तेव्हा आपला हात खिशात कुठल्या नाण्यापाशी थांबतो? आमचा कुठे थांबतो ते आम्ही इथे लिहिणार नाही.

आणि आमचा दोष? तोही आहे. डबा उघडला तेव्हा त्या तीन पाकिटांवर नातवाचा हात थबकला आणि त्याचा चेहरा बदलला, तो आम्ही पाहिला होता. कीर्तनकाराला चेहरे वाचण्याची सवयच असते. 'काय रे, काय आहे ते?' एवढे विचारले असते तर पुढचे घडते ना. आम्ही गप्प बसलो, कारण खेळण्यात काय असायचे असे आम्हांस वाटले. आणि थोडे असेही, की पोराला काही लाभ होत असेल तर होवो.

नातू दोन दिवस रुसून होता. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाला, "चला." टपालखर्च आणि बाजाराचे शुल्क वजा करून उरलेल्यांतले निम्मे त्याने पाकिटात घातले. वहिनींना सगळे सांगितले, आकड्यासकट. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्यांनी आणल्या तेव्हा मी बोलले होते, खेळण्याला एवढे पैसे कशाला म्हणून." आम्हांस वाटले पैसे नको म्हणतील. नाही, घेतले, मोजून घेतले. मग विचारले, "ती न फोडलेली तिन्ही गेली का रे? चौथीच्या निकालाला द्यायची म्हणून ह्यांनी वर ठेवली होती. राहूनच गेलं. एक मिळाली तर त्याला आता पाठवीन म्हणते."

नातवाने आमच्याकडे पाहिले. उरलेली दोन पाकिटे त्याच्याकडे होती, पण त्यांचाही सौदा तीन दिवसांपूर्वी झाला होता. एका जर्मन गृहस्थाने दोन्ही मिळून घेतली होती, पैसे भरले होते, आणि पार्सल बांधून तयार होते. वहिनींना हे ठाऊक नव्हते. या वेळी आम्ही गप्प बसलो नाही. "दे," म्हटले.

त्याने दिली. त्या गृहस्थाचे पैसे परत केले, क्षमा मागितली. त्याने चारचौघांत लिहिले की हा विकणारा शब्द पाळत नाही. शंभराचे गुण गेले. नातू आम्हांस एका अक्षराने बोलला नाही, पण आमच्या मनात खटका राहिला आहे. त्या जर्मन माणसाने कोणाचे काय वाकडे केले होते? मागितला तो भाव त्याने दिला होता. मनूच्या हिशेबाने विकणारा दहा दिवसांच्या आत होता, हे आम्ही स्वतःला सांगून पाहतो. पण त्या गृहस्थाने मनू वाचलेला नाही, आणि ज्या बाजारात सौदा झाला त्याचे नियम निराळे आहेत. एकीची ठेव परत करायला दुसऱ्याला दिलेला शब्द मोडावा लागला, आणि मोडायला आम्ही सांगितले.

राहिलेली एक गाडी निम्म्या किमतीत घेता का, असे नातवाने त्यांस विचारले होते. उत्तर आलेले नाही. पार्सल त्याच्या टेबलावर तसेच आहे, खोक्यात खोके.