सुरी फिरविण्यापूर्वी

खापरखेडा हे औष्णिक वीज केंद्राचे आणि कोळशाचे गाव. तरीही येथील अनेक परसांत पाच-दहा कोंबड्या, एखादी बदकांची जोडी आढळते. अंड्यांचे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असतात. म्हणूनच खुराड्यातील रोग तिला फार मोठा वाटतो.

एके सकाळी एक कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसते. हिरवट विष्ठा, श्वासाची घरघर. दुपारी दुसरीही मान टाकते. मग घरातील कुणीतरी म्हणतोच, ‘मरण्याआधी सुरी फिरवा, निदान हलाल तरी होईल.’

हे म्हणणे निराधार नाही. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांची एक शेळी मदीनेजवळील सल्अ डोंगरापाशी मरणाला टेकली, तेव्हा राखणाऱ्या दासीने दगडाच्या धारेने तिला जबह केले. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ती खाण्यास अनुमती दिली, असे सहीह बुखारीत नमूद आहे. जीव शिल्लक असताना जबह केलेले जनावर मुर्दार नव्हे, हे सूरह माइदाही सांगते.

पण एवढ्याने प्रश्न सुटतो काय? कुरआन हलालच्या जोडीला तय्यिब, म्हणजे शुद्ध व हितकर, ही अटही घालतो. सल्अची शेळी साथीच्या रोगाने मरत होती, असे हदीसमध्ये कोठेही नाही. आपल्या खुराड्यात मात्र एकामागून एक पक्षी पडत आहेत. बर्ड फ्लूच्या विषाणूची माणसाला लागण होते ती बहुधा आजारी पक्षी कापताना आणि पिसे काढतानाच. अशा वेळी जी सुरी आपल्याला वाचविणारी वाटते, तीच घरातल्या गृहिणीला संकटात लोटू शकते.

ही भीती दूरची नाही. भारतात हा रोग प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. मार्च २०२४ मध्ये नागपुरातील शासकीय कुक्कुट केंद्रात तो निघाला आणि हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस गोरेवाड्यातील तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूने दगावले. साध्या मानमोडीची लक्षणेही जवळपास अशीच असतात. फरक प्रयोगशाळाच सांगू शकते. बदक तर वरवर धडधाकट दिसत असतानाही विषाणू बाळगू शकते. कोंबड्या व बदके एकाच डबक्यात पाणी पीत असतील, तर हे विशेष ध्यानात घ्यावे.

याहून वाईट मोह म्हणजे मलूल कोंबडी स्वस्तात विकण्याचा. धान्याच्या राशीत हात घालून खालचा ओलावा शोधणाऱ्या पैगंबरांनी (स.) फसविणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले होते. तेथे तर केवळ धान्य भिजले होते. आजारी उंट निरोगी उंटांत नेऊ नयेत, हीही त्यांचीच आज्ञा. बाजारात नेलेली आजारी कोंबडी याहून वेगळी कशी?

खरी अडचण पुढे आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळविले आणि रोग सिद्ध झाला, तर सुमारे एक किलोमीटरच्या परिघातील शेजाऱ्यांचे धडधाकट पक्षीही मारले जातात. ‘माझ्यामुळे त्यांचे का जावे?’ ही शंका ढोंगी नव्हे. निष्कारण चिमणी मारण्याचाही जाब द्यावा लागेल, अशी शिकवण असलेल्या माणसाला ती यावीच. परंतु हानी करू नये आणि हानीला हानीने उत्तर देऊ नये, हे तत्त्व येथे कळविण्याच्याच बाजूने उभे राहते; लपविल्याने शेजाऱ्याची हानी टळत नाही, केवळ लांबते. शासकीय भरपाईही नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नव्हे. मात्र जिवंत पक्षी पोत्यात कोंबून पुरण्यास मला धर्मात आधार दिसत नाही. जबह करतानाही सुरीला धार लावण्याची आज्ञा आहे, ती क्लेश कमी व्हावेत म्हणूनच.

कळविणाऱ्या विधवेचे खुराडे रिकामे झाले, तर तो खर्च तिच्या एकटीचा राहू नये. मोहल्ल्याने तिला नवी पिल्ले घेऊन द्यावीत. मानमोडीच्या लसीच्या एका कुपीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांचे डोस असतात. पाच कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही आणि पाण्यात मिसळल्यावर काही तासही टिकत नाही. दहा घरांनी एकच सकाळ ठरवली, तर ती पुरते.