गर्भिणीची एकादशी

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. वारकरी वळणाच्या या भागात अनेक घरांत एकादशी पाळली जाते आणि पोट रिकामे राहिले की मळमळ वाढत असल्याने, पहिल्या तिमाहीतील गर्भिणीपुढे व्रत राखावे की देह, असा प्रश्न उभा राहतो. धर्मशास्त्राने पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही असे मानल्यामुळे तिच्याकडून निर्जळीचा आग्रह धरण्यास आधार उरत नाही. चरकसंहिता तर दौहृद, म्हणजे मातेच्या द्वारे प्रकटणारी गर्भाची इच्छा, इतकी मोलाची मानते की तीव्र इच्छा असल्यास अहितकर पदार्थही हितकर द्रव्यासह द्यावा, असे सांगते. थोडे थोडे केळे, राजगिऱ्याची लाही, किंचित आले हे उपवासातही बसते; साबुदाण्याची तेलकट खिचडी मात्र, उपवासाला चालत असली तरी, मळमळत्या पोटाला सहसा मानवत नाही.