अधिकार कुणाचा, कुणासाठी?

आजचं वाचन: लूक १०:१७–२०, मत्तय ८:५–१३



आज सकाळी लूकचा दहावा अध्याय वाचत होतो. प्रभूने पाठवलेले सत्तर जण आनंदाने परत येतात. तुझ्या नावाने भुतंसुद्धा आमचं ऐकतात, असं सांगतात. प्रभू त्यांचा अधिकार नाकारत नाही, उलट तो मीच दिलाय असं म्हणतो. पण लगेच त्यांच्या आनंदाची दिशा बदलतो. भुतं ऐकतात याचा आनंद करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा करा.

हा भाग वाचला की मला आमच्या इस्लापूरची एक रात्र आठवते. आज ती तुम्हाला सांगणार आहे. सांगायला सोपी नाही.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी पुण्याहून सुट्टीला घरी गेलो होतो. त्या काळात मी रोज रात्री मोबाईलवर अधिकाराने प्रार्थना कशी करायची याचे संदेश ऐकायचो. आजाराला हुकूम द्या, विनंती करू नका, असं ते असायचं. ऐकून अंगात बळ यायचं, हे खरं आहे. आमच्या घरी रविवारी सात-आठ माणसं उपासनेला जमतात, त्यामुळे गल्लीत आम्ही प्रार्थनावाले म्हणून ओळखले जातो. त्या रात्री शेजारची मावशी पाच वर्षांच्या लेकराला कडेवर घेऊन दारात आली. लेकरू तापाने फणफणलं होतं.

मी पुढे झालो. लेकराच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्या आवाजात तापाला हुकूम द्यायला लागलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ताप हटेना, तसा माझा आवाज वाढत गेला. आई शेजारी बसून ओल्या फडक्याने लेकराचं कपाळ पुसत होती. अर्धा तास गेल्यावर ती उठली आणि म्हणाली, "बस कर आता. प्रार्थना वाटंत बी होती. गाडी काढ."

डॉक्टरांनी सलाईन लावलं. आणखी उशीर केला असता तर अवघड झालं असतं, असं ते म्हणाले. आई आणि मावशी रात्रभर लेकराच्या पायाशी बसून होत्या. प्रभूची दया, लेकरू बरं झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. महिन्याभराने पुण्यात आमच्या तरुणांच्या संगतीत मी याची साक्ष दिली. ताप, माझी प्रार्थना, लेकरू बरं झालं, एवढंच सांगितलं. सलाईन गाळलं. आईचं वाक्य गाळलं. अर्धा तास गाळला. टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, ब्रदरवर अभिषेक आहे. मला बरं वाटलं.

नाताळला घरी गेलो तेव्हा मन खात होतं. मावशीकडे गेलो आणि म्हणालो, त्या रात्री माझ्यामुळे उशीर झाला, मला माफ करा. ती चुलीपुढे बसली होती. वर न बघता म्हणाली, "मला कळत होतं बाबा. दवाखान्यात न्यावं वाटत होतं. पण तू देवाचं बोलत होतास. तुझ्यापुढं बोलायचं कसं?"

प्रियांनो, हे वाक्य माझ्यातून अजून गेलेलं नाही. आजारी लेकराची आई माझ्या आवाजापुढे गप्प बसली होती. मी ज्याला आत्मिक अधिकार समजत होतो, त्याने ताप गेला नाही, एका आईचं तोंड मात्र बंद झालं.

मग खरा अधिकार कसा असतो? मत्तयच्या आठव्या अध्यायात कफर्णहूमचा शताधिपती भेटतो. शंभर शिपायांवरचा रोमी माणूस. तो प्रभूला म्हणतो, तू नुसता शब्द बोल. आणि कारण काय देतो? आपल्या हाताखाली शिपाई आहेत हे तो सांगतोच, पण त्याआधी सांगतो की मी स्वतः कुणाच्या तरी ताब्यात आहे. आपण हे अर्धं वाक्य नेहमी विसरतो. त्याचा शब्द चालतो, कारण तो स्वतः वरच्याचं ऐकतो. आणि तो आलाय कशासाठी? घरी पडलेल्या एका चाकरासाठी. हुकूम देणारा माणूस चाकरासाठी विनवणी करतोय. प्रभूने इतका मोठा विश्वास इस्राएलात पाहिला नव्हता.

आमच्याकडे रेल्वेच्या फाटकावर गेटमन असतो. अंगाने किडकिडीत, पगार बेताचा. पण त्याने फाटक पाडलं की ट्रकवालाही थांबतो आणि पुढाऱ्याची गाडीही थांबते. ही ताकद त्याच्या दंडात नाही, त्याला स्टेशनवरून निरोप आलेला असतो. कुणाशी भांडण झालं म्हणून त्याला फाटक पाडता येत नाही, आणि ओळखीचा माणूस आला म्हणून उघडताही येत नाही. गाडी जाईपर्यंत तो स्वतः झेंडी घेऊन उभा असतो. आणि हे सगळं कशासाठी? कुणी मरू नये म्हणून. मला वाटतं विश्वासणाऱ्याचा अधिकार असाच आहे. वरून मिळालेला, दुसऱ्याच्या जिवासाठी, आणि स्वतः उभं राहून वापरायचा.

नांदेडहून लातूरमार्गे पुण्याला येताना दौंड सोडलं की केडगाव स्टेशन लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या धर्मगुरूंनी आणि सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना अनेक गोष्टी मुकाट मान्य करायला सांगितल्या. रमाबाईंनी पत्रांतून वाद घातला. ख्रिस्ताचं ऐकेन, पण माणूस सांगतो म्हणून विवेक गहाण ठेवणार नाही, ही त्यांची भूमिका होती. प्रभूच्या ताब्यात असलेलं माणूस दुसऱ्या माणसाच्या दडपणाखाली राहत नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

आणि मिळालेला अधिकार त्यांनी कुठे वापरला? १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. त्यांना जेवू घातलं, लिहा-वाचायला शिकवलं, छापखाना चालवायला शिकवला. नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईलाही समजावं म्हणून. ५ एप्रिल १९२२ ला प्रभूकडे जाईपर्यंत त्या याच कामात होत्या. मी एका बाईचं तोंड बंद केलं. त्यांनी शेकडो बायकांच्या हातात वचन दिलं, म्हणजे त्या स्वतः वाचतील, स्वतः बोलतील.

तुम्ही विचाराल, मग धाडसाने प्रार्थना करायचीच नाही का? करायची, नक्की करायची. मी आजही आजाऱ्यावर हात ठेवून प्रभूच्या नावाने प्रार्थना करतो. पण आवाज चढवून देवाला घाई करत नाही, आणि गाडीची किल्ली खिशात ठेवतो. प्रभू स्पर्शाने बरं करतो आणि सलाईननेही करतो. श्रेय दोन्हीकडे त्याचंच. पण तुम्हाला कुणी देवाच्या नावाने सांगितलं की गोळ्या बंद कर, प्रश्न विचारू नकोस, माझ्यावर अभिषेक आहे, तर थांबा. योहान १३ मध्ये सगळं काही आपल्या हाती दिलंय हे ठाऊक असताना प्रभूने काय केलं ते बघा. कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले.

आपल्यापैकी कितीतरी जण विचारतात, माझ्या आयुष्याचा उद्देश काय? आपल्याला वाटतं तो स्टेजवर, माईकच्या पुढे कुठेतरी असेल. मला वाटतं तो बहुतेक वेळा आपल्या दारात उभा असतो, लेकराला कडेवर घेऊन. ऑफिसात नवीन आलेला ज्युनिअर चुकला, त्याची चूक सगळ्यांपुढे काढायची की बाजूला घेऊन समजवायची, हा अधिकार तुमच्याकडे आहे. खोट्या बिलावर सही मागितली तर नाही म्हणायचा अधिकार आहे. घरी येऊन आईची माफी मागायचा अधिकारही आहे. तो आपण सगळ्यात कमी वापरतो.

मी पुण्यात त्याच संगतीत परत उभा राहिलो आणि साक्ष पूर्ण सांगितली, सलाईनसकट. टाळ्या वाजल्या नाहीत. एक मुलगी मात्र नंतर येऊन म्हणाली, माझ्या बाबांच्या शुगरच्या गोळ्या आम्ही बंद केल्यात, उद्या त्यांना दवाखान्यात नेते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आज प्रभूने दिलेला अधिकार बरोबर वापरला.

आज एक गोष्ट करून बघा. तुमच्या शब्दापुढे कोण गप्प बसतं, ते आठवा. आणि आज त्याला आधी बोलू द्या.

प्रार्थना: प्रभू येशू, तू दिलेला अधिकार मी स्वतःच्या मोठेपणासाठी वापरला, मला क्षमा कर. मला आधी तुझ्या ताब्यात राहायला शिकव. माझ्यामुळे कुणाचं तोंड बंद होऊ देऊ नकोस. माझं नाव तुझ्याजवळ लिहिलेलं आहे, एवढ्यात मला आनंद पुरू दे. आमेन.