परिग्रहाचे माप

शिडाच्या नौकेत राहून महिनोन्‌महिने समुद्रपर्यटन करणाऱ्या मनुष्याने आपल्याबरोबर घडीची सायकल ठेवावी की न ठेवावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी इतका क्षुल्लक भासतो की, त्याला तात्त्विक चर्चेत स्थान देणे म्हणजे सुपारी फोडावयास घण आणणे होय, असे कित्येक वाचकांस वाटेल. ज्यांच्या दारी नौका नाही आणि ज्यांची सायकल जिन्याखाली धूळ खात उभी आहे, त्या आम्हां मध्यमवर्गीयांस या प्रश्नाशी कर्तव्य काय? परंतु नीतिशास्त्रातील मोठे प्रश्न पुष्कळदा अशा लहान वेषातच घरी येतात. मनुष्याने परिग्रह किती करावा, याचा विचार थोरांनी बहुधा राज्य आणि अरण्य यांची तुलना करून केला आहे. राज्य आम्हांस मिळणारे नाही आणि अरण्यात आम्ही जाणारे नाही. आमच्या वाट्यास येतो तो या दोहोंमधला संसार. आणि त्या संसाराचा आटोपशीर नमुना पाहावयाचा असेल, तर नौकेइतका चांगला नमुना दुसरा सापडणार नाही.

नौकापर्यटन हा विषय महाराष्ट्रास आता परका राहिलेला नाही. १९८५ ते १९८७ या काळात भारतीय सैन्यातील इंजिनियर दलाच्या लोकांनी ‘तृष्णा’ नावाच्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे २००९ च्या ऑगस्टात दिलीप दोंदे मुंबईहून ‘म्हादेई’ नौकेतून एकटेच निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात पृथ्वीस वळसा घालून परत आले. ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, लांबीने ५६ फूट. छपन्न फूट हा आकडा ऐकावयास ऐसपैस वाटतो. पण शिडे, दोरखंड, अन्न, पाणी, हत्यारे आणि निजावयाची जागा ही सर्व त्यातच बसवावयाची, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यातील वीत वीत जागेला किती मोल आहे ते कळते. हौशी पर्यटकांच्या नौका तर पुष्कळदा याहूनही लहान असतात.

अशा नौकेवर सायकल हवी कशाला? कारण उघड आहे. नौका नांगर टाकते ती धक्क्यापासून दूर. लहान होडीने किनारा गाठला तरी भाजीबाजार, डिझेलचा पंप किंवा डॉक्टर एकदोन कोसांवर असतो. ज्याने समुद्र वाऱ्याच्या बळावर ओलांडला, त्याला किनाऱ्यावर दोन कोसांसाठी परावलंबी व्हावे लागते. घडीची सायकल हे परावलंबन दूर करते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीसैनिकांसाठी बी. एस. ए. कंपनीने घडीच्या सायकली केल्या, त्यांच्या मुळाशी हीच कल्पना होती: परक्या भूमीवर उतरताच पायांखाली स्वतःचे वाहन असावे. १९७० नंतरच्या दशकात अँड्र्यू रिची या इंग्रज गृहस्थाने लंडनमध्ये जी ‘ब्रॉम्प्टन’ सायकल सिद्ध केली, तिची घडी सुमारे दोन फूट लांब, दोन फूट उंच आणि एक फूट रुंद एवढीच होते.

परंतु स्वातंत्र्य देणारी वस्तू आपले मोल मागितल्यावाचून राहत नाही. घडी जितकी लहान, तितके चाक लहान. आणि चाक जितके लहान, तितका रस्त्यावरील खड्डा मोठा. सोळा इंची चाकाची सायकल सामानाच्या खणात सहज मावते, पण कच्च्या वाटेवर स्वाराची हाडे खिळखिळी करते. वीस इंची चाकाची बरी धावते, पण जागा अधिक अडविते. पोलादाचा सांगाडा मजबूत खरा, पण त्याला गंज लवकर चढतो. ॲल्युमिनियमला तांबडा गंज नाही; तथापि खाऱ्या हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते आणि जेथे पोलादी मळसूत्र ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसते, तेथे मिठाच्या पाण्याच्या योगाने दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होऊन ते मळसूत्र असे घट्ट बसते की, पाना वाकला तरी ते हलत नाही. म्हणून जाणते लोक न गंजणाऱ्या पोलादाचे आरे, चाकाच्या तुंब्यातच झाकलेला गिअर आणि जमल्यास साखळीऐवजी पट्टा पसंत करतात व प्रत्येक मळसूत्रास आधीच ग्रीस लावून ठेवतात.

निवड झाली तरी काम संपले नाही. खरे काम तेथूनच पुढे सुरू होते. किनाऱ्यावरून आलेली सायकल गोड्या पाण्याने धुतली पाहिजे. आणि नौकेवर गोडे पाणी म्हणजे मोजून दिलेली शिधासामग्री. तिच्यासाठी तांब्याभर पाणी काढावयाचे ते पिण्याच्या साठ्यातूनच. मग ती पुसावी, वाळवावी, साखळीस व बिजागऱ्यांस तेल द्यावे, पिशवीत घालून तळाशी आवळून बांधावी. नाहीतर वादळात अकराबारा किलोंचे ते धूड खोलीत मोकाट सुटेल. पिशवीत घातली म्हणून निर्धास्त होता येत नाही. कोंडलेला ओलावा उघड्या वाऱ्यापेक्षा अधिक घातक असतो, म्हणून ती मधूनमधून उघडून वाऱ्यावर धरावी लागते. आणखी एक पथ्य आहे. पोलादी सायकल होकायंत्राजवळ ठेवता कामा नये. लोखंडाच्या सान्निध्याने सुई ढळते. आपण हौसेने जवळ केलेली वस्तू आपली दिशाच बदलू शकते, हे नीतिसूत्र येथे पदार्थविज्ञानाचा नियम होऊन समोर उभे राहते.

आता प्रश्न असा की, ज्या वस्तूची एवढी सेवा करावी लागते, ती आपली सोय म्हणावी की आपला धनी? थोरो या अमेरिकन लेखकाने १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉल्डन’ या ग्रंथात सांगितले आहे की, त्याच्या मेजावर चुनखडीचे तीन दगड होते. त्यांवरची धूळ रोज झाडावी लागते असे दिसताच त्याने ते खिडकीबाहेर फेकून दिले. आपल्याकडे पतंजलींनी अपरिग्रहाची गणना पाच यमांत केली आणि व्यासभाष्याने त्याची कारणे सांगताना विषयांचे अर्जन, रक्षण, क्षय, आसक्ती आणि हिंसा असे पाच दोष दाखविले. मिळविणे हा दोष, हे आम्हांस कळते; पण राखणे हाही दोषच? सायकलीस तेल देणारा नाविक दोषी काय?

याचे उत्तर शोधताना आमची दृष्टी समुद्रावरून सह्याद्रीकडे वळते. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने वर आले म्हणजे महाड लागते. एके काळी मचवे आणि पडाव माल घेऊन येथवर येत. त्याच सावित्रीस ज्या डोंगरांचे पाणी मिळते, त्यांच्या कुशीत, महाडपासून सुमारे तीस किलोमीटरवर, वरंधा घाटाच्या पायथ्याकडे शिवथरची घळ आहे. ‘दासबोध’ येथे सिद्ध झाला आणि समर्थ रामदास सांगत असता कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. पावसाळ्यात घळीच्या मुखाशीच धबधबा कोसळतो, दगड घामेजतात, हवा ओली होते. सर्वसंगपरित्यागाला याहून योग्य स्थळ कोणते, असे पाहणाऱ्यास वाटते. पण थोडा विचार केला म्हणजे दुसरीच गोष्ट ध्यानात येते. कागद, शाई आणि बरू यांस शत्रुवत् असे हे स्थळ आहे. नौकेवर सायकलीला जे मीठ, तेच घळीत पोथीला पाणी. अशा ठिकाणी २० दशकांचा आणि २०० समासांचा ग्रंथ सिद्ध व्हावयाचा, तर त्यागी पुरुषाच्या बिऱ्हाडीही कोणीतरी एका वस्तूची अहोरात्र राखण करीतच असले पाहिजे.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे घोटावे, ओळी कशा राखाव्यात, साहित्य कोणते असावे, हे सांगता सांगता समर्थ पुस्तकाच्या रक्षणापर्यंत येतात आणि बासने, मेणकापड, पेट्या व कुलपे यांचीही नावे घेतात. घरदार सोडलेला पुरुष कुलपाची आठवण करून देतो, यात विसंगती पाहणाऱ्यांनी पाहावी; आम्हांस त्यात या प्रश्नाची किल्ली दिसते. थोरोचे दगड त्याची सेवा घेत होते, पण कोणाच्याही कामी येत नव्हते. पोथी मात्र पुढच्या वाचकासाठी होती. तिच्या रक्षणात ‘माझी’ हा भाव गौण आणि ‘कामाची’ हा भाव मुख्य होता. म्हणून आम्हांस असे वाटते की, राखणे हा स्वतः दोष नव्हे. जे राखण्याचे कारण संपले ते राखणे आणि जे राखण्याचे कारण आहे ते न राखणे, हे दोन दोष आहेत. पहिल्यास आपण लोभ म्हणतो. दुसऱ्यास आपण काहीच म्हणत नाही, आणि म्हणूनच तो आपल्या घरांत बिनबोभाट नांदतो.

येथे एक आक्षेप येईल. ‘कामासाठी’ हा शब्द मोठा सोयीचा आहे; प्रत्येक संग्राहक आपला संग्रह कामासाठीच असल्याचे सांगेल. आक्षेप खरा आहे. याच्या उलट टोकाचा मनुष्य म्हणेल की, मग काहीच ठेवू नये, पायी चालावे. तोही मार्ग वंद्य आहे. मात्र ज्याच्याजवळ काहीच नाही, तो निकडीच्या वेळी शेजाऱ्याची वस्तू मागतो, आणि शेजाऱ्याने तिला तेलपाणी केलेले असते म्हणूनच ती चालते. असा त्याग म्हणजे परिग्रहाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणे होय. बंदरात दोनच दिवस राहणाऱ्याने भाड्याचे वाहन करावे, हे सरळ. पण त्याचे मोल द्यावे आणि उपकाराला वैराग्य म्हणू नये.

तेव्हा कसोटी बाहेरची हवी. स्वतःच्या मनाची साक्ष पुरेशी नाही. आम्ही तीन प्रश्न सुचवितो. या वस्तूला बसावयास अशी जागा आहे काय, की जेथे ती होकायंत्राच्या आड येणार नाही? तिची सेवा करावयास ठरलेला दिवस आहे काय? आणि ती अधिक गरजू मनुष्यास धडधाकट असतानाच देऊन टाकण्याची आपली तयारी आहे काय? तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. गंजून निकामी झाल्यावर दिलेली सायकल हे दान नव्हे, ती केवळ अडगळीची बदली होय. तिन्ही प्रश्नांस ‘होय’ असे उत्तर देणाऱ्या नाविकाने सायकल खुशाल ठेवावी. त्याचा अपरिग्रह तीमुळे बाधत नाही. एकासही ‘नाही’ असे उत्तर असेल, तर त्याने ती किनाऱ्यावरच ठेवावी, मग तिची घडी कितीही सुबक असो.

नौकेवर या प्रश्नांची उत्तरे खोटी देता येत नाहीत, हेच नौकेचे महत्त्व. तेथे गंज हा प्रामाणिक हिशेबनीस आहे. दुर्लक्षाची नोंद तो थोड्याच दिवसांत लालभडक शाईने करून ठेवतो. आमच्या घरांत असा हिशेबनीस नाही. तेथे ‘असू द्या, केव्हातरी लागेल’ या एका वाक्याच्या आश्रयाने तुटकी खुर्ची, न वाचलेली ग्रंथमाला, बंद पडलेले शिवणयंत्र आणि वडिलांच्या कागदपत्रांची वाळवी लागलेली पेटी वर्षानुवर्षे सुखाने राहतात. यांतील पहिल्या तीन वस्तू आपण सोडीत नाही आणि चौथी राखीत नाही. वर सांगितलेले दोन्ही दोष अशा रीतीने एकाच माळ्यावर एकत्र आढळतात.

महाडच्या लोकांस ही परीक्षा निराळ्या रीतीने द्यावी लागली आहे. २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी शहरात शिरले. पाणी उंबरठ्याशी आले असता प्रथम काय उचलावयाचे, याचा निर्णय घटकाभरात करावा लागतो. त्या घटकेत किंमत, प्रतिष्ठा आणि ‘केव्हातरी’ हे तिन्ही शब्द आपोआप गळून पडतात. घटकाभरात जे कळते ते शांत दिवशी कळावे, एवढ्यासाठीच नीतिविचाराचा खटाटोप. ज्याला सायकल हवी त्याने तिच्यासाठी तांब्याभर गोडे पाणी काढून ठेवावे. ज्याला पोथी हवी त्याने मेणकापड आणावे. आणि ज्याला यांपैकी काहीच करवत नाही, त्याने ती वस्तू ज्याला करवते त्याच्या हाती द्यावी. परिग्रहाचे माप वस्तूंच्या संख्येत नसून त्यांच्यासाठी रोज झिजण्याच्या आपल्या तयारीत आहे. आणि ती तयारी कोणाचीही अमर्याद नसल्यामुळे वस्तूंनाही मर्यादा आपोआप पडते.