मापात पाप

मापात पाप नको, असे आपण किराणा दुकानदाराला पिढ्यान्‌पिढ्या बजावत आलो आहोत. तो बिचारा निदान सरकारी शिक्क्याचे वजन वापरतो आणि माप खोटे निघाले तर दंड भरतो. तयार कपड्यांच्या दुकानात मात्र न्याय उलटा. तिथे माप चुकले की दंड गिऱ्हाइकाला! शर्टाचे बटण लागेना, तर दुकानातला पोऱ्या शर्टाकडे बघत नाही, आपल्या पोटाकडे बघतो. आणि आपणही ओशाळून पोट आत घेतो. प्रश्न वरवर कपड्याचा दिसतो, पण आहे नीतीचा. कपड्याने माणसाच्या अंगाला यायचे, की माणसाने कपड्यात मावायचे?

आमच्या घरी हा प्रश्न आला तो थेट न्यू जर्सीहून. तिथे असलेली माझी भाची दिवाळीला जळगावला आली आणि तिच्यासाठी कुर्ता घ्यायला आम्ही फुले मार्केटात गेलो. अमेरिकेत ती ‘एम’ असते. एम म्हणजे मध्यम. आमच्या मध्यमवर्गीय खानदानाला शोभेल असेच माप. जळगावात तिला ‘एक्सएल’ लागला.

“मामा, विमानात एवढं काय खाल्लं हो मी?” ती म्हणाली.

मी पडलो बी. कॉम. मला त्यात वेगळेच दिसले. रक्कम एकच आणि दोन पासबुकांत शिल्लक निरनिराळी! बँकेत असे झाले तर अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत घरी जात नाही. पण हिशेब जुळला नाही तर आम्ही खाते तपासतो. खातेदाराला उपाशी ठेवत नाही.

खाते तपासले तर गंमत कळते. अमेरिकेतले कारखानदार गेली कित्येक वर्षे कपडा हळूहळू सैल करत आले आणि लेबलावरचा आकडा मात्र तोच ठेवला. गिऱ्हाइकाला लहान आकडा दिसला की ते खूश होते आणि खुशीत दोन कपडे जास्त घेते. आपल्याकडचा बेत मुळातच आटोपशीर. तेव्हा भाची फुगली नव्हती. दोन देशांनी तिच्याशी दोन प्रकारे धंदा केला होता.

मुळात हे माप ठरवले कोणी? १९३९-४० साली अमेरिकेच्या शेती खात्याने (हो, शेती खात्यानेच!) सुमारे पंधरा हजार बायकांची मापे घेतली. एकेकीची ५९! टपालाने मागवलेले कपडे अंगाला न बसून परत येत, तो खर्च वाचवायचा होता. पण हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. पुढे १९५८ साली मापांचे सरकारी प्रमाण छापले गेले आणि १९८३ साली सरकारने ते मागेही घेतले. आता प्रत्येक कंपनीचा एम म्हणजे एक स्वतंत्र संस्थान आहे.

आपल्याकडे निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेने २०१८ साली अशीच योजना जाहीर केली. पंचवीस हजार माणसे यंत्रासमोर उभी करून भारतीय माप ठरवायचे. शहरे सहा, दिल्ली-मुंबईपासून शिलाँगपर्यंत. यादीत जळगाव नाही, धुळे नाही, भुसावळ जंक्शनसुद्धा नाही! म्हणजे भारतीय माणसाचे सरासरी पोट ठरेल, त्यात शेवभाजीचा वाटा धरलेला नसेल.

अर्थात परदेशी सौंदर्यदृष्टी जळगावकराला नवी नाही. आमच्या केळ्यांनी ती आधीच सोसली आहे. युरोपने १९९४ साली केळ्याचे माप ठरवले : लांबी किमान १४ सेंटीमीटर, जाडी किमान २७ मिलिमीटर आणि अंगाला भलतेच वळण नको. आता वळण नको म्हटल्यावर केळ्याने करायचे काय? जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी आखूड केळे त्या पंक्तीला बसत नाही ते नाहीच. पण केळ्याचे एक चांगले असते. नापास झाले म्हणून ते जेवण सोडत नाही.

हे वाक्य मी हसवायला लिहिलेले नाही. माझी मुलगी अकरावीत आहे. मध्यंतरी ती भाकरी अर्धी टाकून उठू लागली. थंडीचे दिवस, ताटात वांग्याचे भरीत, वर कांद्याची पात, आणि खानदेशातली मुलगी ‘पुरे’ म्हणते! दोन दिवस आम्हांला वाटले अभ्यासाचा ताण असेल. मग कळले, एका टॉपची चेन लागली नव्हती. टॉपची किंमत चारशे रुपये. चारशे रुपयांच्या कपड्याने सोळा वर्षांच्या मुलीला ‘तू जास्त आहेस’ असे सांगितले आणि तिने ते मानले. आईबापांचे मात्र ती एक ऐकत नाही.

माझ्या सासूबाई धुळ्याच्या. त्यांच्या आईने जन्मभर नऊवारी नेसली. नऊवारीला नंबर नसतो. लग्नात नेसली तीच बाळंतपणानंतर नेसायची. अंग भरले तर निऱ्या दोन कमी, आटले तर दोन जास्त. कमीजास्त होण्याचे काम कापडाचे. त्या वेळी ‘तब्येत मस्त शे’ असे कोणी म्हटले की बाई लाजून हसायची. आज तेच म्हणून बघा, संबंध तुटतील.

पण म्हणून जुना काळ सोन्याचा होता, असे मी म्हणणार नाही. लुगड्याला माप नव्हते, तरी बघायला आलेली मंडळी मुलीचे माप डोळ्यांनी घेतच होती. रंग, उंची, नाक, चालून दाखव, बोलून दाखव. ते लेबल तर धुतले तरी जात नसे. शिवाय तयार कपड्याचे उपकार मोठे आहेत. तो स्वस्त आहे, लगेच मिळतो, आणि साहेबाचा व शिपायाचा शर्ट त्यामुळे एकाच दोरीवर आला. शिंप्याकडे दिवाळीचा झंपर संक्रांतीला मिळायचा. तेव्हा माप असावे. चेकला असते, विटेला असते, कपड्यालाही असू द्यावे. वाद मापाशी नाही. माप घ्यायला आलेला टेप न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो, त्याच्याशी आहे.

मुलीला हे सगळे ऐकवले असते तर तिने उरलेली अर्धी भाकरीही टाकली असती. म्हणून धुळ्याला गेलो तेव्हा तिला आग्रा रोडवरच्या एका दुकानात नेले आणि काचेआड उभ्या असलेल्या पुतळीची पाठ दाखवली. समोरून ड्रेस असा चोपून बसलेला, की जणू तिच्याच अंगावर शिवला आहे. मागे पाहावे तर सगळे जादा कापड गोळा करून टाचण्या टोचलेल्या. सात-आठ तरी असतील.

“बाबा, हिलासुद्धा बसत नाही?” ती म्हणाली.

“आणि ही तर काही खातही नाही,” मी म्हणालो.

एका टाचणीने आयुष्याचे प्रश्न सुटत नाहीत. पण त्या रात्री भाकरी पूर्ण गेली. नंतर तो टॉप आम्ही गल्लीतल्या टेलर मास्तरांकडे टाकला. त्यांनी गळ्यातला टेप काढला, तिचे माप घेतले आणि वहीत आकडे मांडले : छाती, कमर, उंची. त्या वहीत मी अनेकदा डोकावलो आहे. बँकेतल्या प्रत्येक वहीत असतो तो ‘शेरा’ नावाचा रकाना तिच्यात नाही. मास्तर फक्त विचारतात, “थोडं सैल ठेवू का?”