वस्तूची साक्ष

रंगभूमीवरील वस्तू मुकी असते, आणि तरीही कित्येकदा पात्रांहून तीच अधिक बोलते. परंतु ती जे बोलते, ते तिचे स्वतःचे असते काय?

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील मातीची गाडी घ्या. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिल्यावर चारुदत्ताचा लहानगा रोहसेन आपल्या मातीच्या गाडीवर रुसतो. वसंतसेना अंगावरचे अलंकार उतरवून त्या गाडीत भरते आणि ‘सोन्याची करून घे’ म्हणून सांगते. तेथे ते अलंकार म्हणजे निव्वळ वात्सल्य. पुढे चारुदत्तावर तिच्याच खुनाचा आळ येतो. अलंकार परत करावयास निघालेला मैत्रेय न्यायसभेत शकाराशी झटापट करतो, आणि त्याच्या काखेतून तेच अलंकार भूमीवर पडतात. आता ते पुरावा ठरतात! सोने तेच, घडण तीच. प्रेक्षकाला त्यात माया दिसते, न्यायाधीशाला अपराध.

देवलांनी ‘झुंझारराव’ (१८९०) या रूपाने मराठीत आणलेल्या ‘ऑथेल्लो’तही एक हातरुमाल असाच घात करतो. पण तेथे तो रुमाल एका कपटी माणसाने हेतुपुरस्सर नको त्या जागी टाकलेला असतो. मैत्रेय तर सज्जन! म्हणजे अनर्थाला प्रत्येक वेळी दुष्टाची गरज नसते. अर्धी हकीकत पुरते.

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एका साहेबांचे पेन शिपायाच्या पिशवीत सापडले. टिपण मीच लिहिले : ‘पेन शिपायाच्या पिशवीत आढळले.’ अक्षर न् अक्षर खरे होते. साहेबांनीच ते त्याच्या मुलीला परीक्षेसाठी दिले होते आणि ते विसरून गेले होते, हे आठवड्याने उघड झाले. शिपायाने ते मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्याचे बोलणे मला टिपणात घेण्याजोगे वाटले नाही. आळ गेला. मात्र तेव्हापासून तो कचेरीत पिशवी आणीत नाही. जेवणाचा डबा उघडा हातात धरून येतो. तो डबा दिसला की माझी मान खाली जाते.

वस्तू खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. ती खरेही बोलत नाही. तिच्या तोंडी शब्द आपण घालतो, म्हणून त्यांचा जबाबही आपणच दिला पाहिजे. प्रेक्षकाने सहावा अंक पाहिलेला असतो. व्यवहारात आपण बहुधा नवव्या अंकाला येऊन बसतो. मग निदान निवाडा देण्यापूर्वी, मागे काय घडले, एवढे तरी विचारावे.